कुंद : फूल, नाव आणि ऋतू

संस्कृत काव्याच्या अध्यापनात 'कुंद' हा शब्द वारंवार येतो, आणि बहुधा एकाच वाक्यात त्याची बोळवण होते : कुंद म्हणजे मोगऱ्याच्या जातीचे एक पांढरे सुवासिक फूल. प्रस्तुत लेखकाने हे वाक्य अनेक वर्षे वर्गात निःशंकपणे सांगितले. एके वर्षी 'मेघदूता'चा उत्तरार्ध चालू असता एका विद्यार्थिनीने विचारले, अमरकोशात कुंदाला 'माघ्य' असा पर्याय दिला आहे, म्हणजे ते माघात फुलणारे. मोगरा तर उन्हाळ्यात फुलतो. मग कुंद मोगऱ्यासारखा कसा? त्या वेळी कविसंकेत हा शब्द पुढे करून वेळ मारून नेली. उत्तर देता येत नसले म्हणजे आपण बहुधा कविसंकेतालाच वेठीस धरतो. परंतु प्रश्न मनातून गेला नाही. फूल न पाहता त्याचा अर्थ सांगणे आणि तो अर्थ परीक्षेत लिहवून घेणे, यात काही तरी अप्रामाणिकपणा आहे, ही जाणीव टोचत राहिली. पुढील पावसाळ्यात शिरपूर जैन येथील घराच्या अंगणात कुंद लावण्याचे ठरविले. त्या झाडाच्या चार हिवाळ्यांच्या निरीक्षणावर आणि त्या अनुषंगाने केलेल्या वाचनावर हा लेख आधारलेला आहे.

शिरपूर जैन हे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाचे क्षेत्र म्हणून प्रसिद्ध आहे. जिनप्रभसूरींच्या 'विविधतीर्थकल्प' या चौदाव्या शतकातील ग्रंथात येथील अंतरिक्ष पार्श्वनाथावर स्वतंत्र कल्प असून त्यात गावाचे नाव श्रीपुर असे येते. श्री या शब्दातील जोडाक्षर प्राकृतात फोडले जाऊन 'सिरि' झाले, आणि इकारापूर्वीच्या सकाराचा मराठीत शकार होण्याच्या सुपरिचित प्रवृत्तीने त्याचे 'शिर' झाले. गावाचे नाव असे तोंडातोंडी झिजत आले आहे. हे येथे सांगण्याचे कारण एवढेच, की पुढे ज्या शब्दाचा विचार करावयाचा आहे त्याच्या वाट्याला ही झीज आलेली दिसत नाही, आणि त्याच्या इतिहासातील अडचण नेमकी तेथून सुरू होते.

बागेतील फुलांची मराठी नावे पाहिली तर त्यांतील बरीचशी प्राकृतातून उतरलेली, वापरून गुळगुळीत झालेली आहेत. जातीची जाई झाली, यूथिकेची जुई, नवमालिकेची नेवाळी, मुद्गराचा मोगरा. करवीराचा कण्हेर, दमनकाचा दवणा आणि मरुवकाचा मरवा झाला. चंपकाचा चाफा झाला, यातील फकाराचा खुलासा वेगळा करावा लागतो, पण तोही शब्द घरातलाच आहे. या मालिकेत 'कुंद' मात्र संस्कृतात जसा होता तसाच उभा दिसतो. यावरून तो तत्सम आहे, अर्थात पंडितांनी ग्रंथांतून उचललेला आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण ध्वनींकडे बारकाईने पाहता हा निष्कर्ष टिकत नाही. मराठीने जे ध्वनी गाळले वा बदलले, त्यांपैकी या शब्दात जवळजवळ काहीच नाही. आद्य ककार टिकतो. अनुनासिकामागचा दकार टिकतो, जसा तो कंदाच्या कांद्यात टिकला. राहिला उकार. तो कधी ओकाराकडे वळतो, जसे तुंडाचे तोंड, शुंडेची सोंड. कधी आपल्या जागी राहतो, जसा उंदुराच्या उंदरात राहिला. तेव्हा 'कुंद' हे रूप परंपरेने आलेलेही असू शकते. ध्वनिशास्त्र येथे साक्ष देण्यास असमर्थ आहे. अशा वेळी शब्द कोणाच्या तोंडी आहे, कोणत्या प्रयोगांत आहे आणि ज्या वस्तूचा तो वाचक आहे ती वस्तू लोकांच्या दारात आहे की नाही, हे पाहावे लागते.

वस्तू मिळविणे हेच प्रथम कठीण गेले. एका रोपवाटिकेतून 'कुंद' म्हणून आणलेले रोप मोठ्या निगुतीने वाढविले. ते वैशाखात फुलले आणि बटमोगरा निघाले. वर्गातील चूक अशा रीतीने अंगणातही झाली, आणि या वेळी तीन महिने पाणी घालून झाली. नंतर परिसरातील एका जुन्या वाड्याच्या परसात खरा कुंद आढळला. वनस्पतिशास्त्रात ज्यास 'जॅस्मिनम मल्टिफ्लोरम' व जुन्या ग्रंथांत 'जॅस्मिनम प्यूबेसेन्स' म्हणतात तो हा. पहिल्या नावात बहुपुष्पता आहे, दुसऱ्यात लवदारपणा आहे. आणि ओळख पटविण्यास ही दोन लक्षणे पुरेशी आहेत. कोवळ्या फांद्यांवर मखमलीसारखी लव असते. पाने समोरासमोर, साधी, देठाशी किंचित हृदयाकृती. जाईच्या पानाप्रमाणे ती अनेक पर्णिकांची नसतात. फुले आखूड फांद्यांच्या टोकांशी झुपक्यांनी येतात. फुलाखालच्या हिरव्या संवर्ताचे दाते सुईसारखे बारीक व केसाळ असतात. मोगऱ्याशी घोटाळा होण्याची शक्यता वाटल्यास हे दाते व फांद्यांवरील लव बोटाने चाचपून पाहावी. पाकळ्या अरुंद, टोकदार, ताऱ्यासारख्या पसरलेल्या. रंग शुभ्र. सुगंध आहे, पण तो मोगऱ्यासारखा दारापासून सामोरा येत नाही. ओंजळभर फुले जवळ घेतली म्हणजे कळतो. या शेवटच्या गोष्टीकडे पुढे परत यावयाचे आहे.

त्या वाड्यातून आणलेली चार छाटकलमे श्रावणात लावली; दोन जगली, त्यांतील एक येथे वर्णिली आहे. आमच्याकडील भारी काळी जमीन या झाडास फारशी मानवत नाही. पावसाळ्यात ती चिबड होते, मुळांशी पाणी साचते. उन्हाळ्यात तिला भेगा पडून मुळे उघडी पडतात. म्हणून हात-दीड हात खोल खड्डा घेऊन त्यात मुरूम, वाळू व जुने शेणखत मातीत मिसळले आणि वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवला. जागा दक्षिणेकडील भिंतीलगतची, दिवसभर उन्हाची. ज्यांना कलमे जगत नाहीत त्यांनी लवचीक फांदी वाकवून मातीत दाबावी. दाबकलमास मुळे सुटण्याची खात्री अधिक. पहिल्या हिवाळ्यात दहा-बारा फुले आली असतील. छाटणीविषयी मात्र एक चूक सांगितली पाहिजे. दुसऱ्या वर्षी झाड फार पसरले म्हणून दसऱ्यानंतर ते छाटले, आणि त्या हिवाळ्यात कळ्या जवळजवळ आल्याच नाहीत. ज्या नव्या फांद्यांवर बहर यावयाचा त्याच कापल्या गेल्या होत्या. कुंदाची छाटणी बहर ओसरल्यावर, फाल्गुन सरता सरता करावी. मग उन्हाळा व पावसाळा मिळून नवी वाढ पुरेशी होते.

या छाटणीचाही एका जुन्या शब्दाशी संबंध आहे. संस्कृतात वनस्पतींचे वृक्ष, गुल्म, लता असे विभाग करतात. गुल्म म्हणजे मुळापासून अनेक फांद्या फुटलेले झुडूप. कालिदास कुंदाचा निर्देश एके ठिकाणी लता म्हणून करतो. आधार दिल्यास कुंद खरोखर भिंतीवर चढतो. दर वर्षी छाटल्यास तो आपल्याच आधाराने उभा राहून गोल झुडूप होतो. म्हणजे एकाच झाडाला माळ्याच्या मर्जीप्रमाणे लता वा गुल्म म्हणता येते. जाता जाता हेही नोंदवावे, की ज्या वाशीमच्या जिल्ह्यात आपण आहोत त्याचे प्राचीन नाव वत्सगुल्म असे आहे. तेथील गुल्माचा अर्थ कोणी देवांचा मेळा असा सांगतात, तर 'कामसूत्रा'वरील 'जयमंगला' टीकेत वत्स आणि गुल्म अशी दोन राजपुत्रांची नावे काढली आहेत. झुडपाकडे मात्र कोणी वळलेले नाही. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त याच नगराला मदनाचे क्रीडास्थान म्हटले आणि काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह येथेच लावून दिला. त्या विवाहात कोणती फुले होती हे सांगितले असते तर आपले काम पुष्कळ हलके झाले असते.

आता ऋतूचा प्रश्न. 'उत्तरमेघा'च्या आरंभी अलकेतील स्त्रियांच्या शृंगाराचे वर्णन आहे : हातात कमळ, केसांत कुंदाच्या कोवळ्या कळ्या, मुखावर लोध्राचा पराग, अंबाड्यात कुरबक, कानावर शिरीष आणि भांगात कदंब. सहा ऋतूंची सहा फुले तेथे एकाच वेळी उपलब्ध आहेत, असा श्लोकाचा भाव. यात कमळ शरदाचे आणि लोध्र शिशिराचे धरले, तर मधला कुंद हेमंताचा ठरतो. परंतु कोशाप्रमाणे तो माघ्य, आणि माघ हा शिशिराचा महिना. टीकाकार मल्लिनाथाला ही अडचण दिसली. त्याने दिलेले उत्तर असे, की कुंद शिशिराचा असला तरी त्याचा प्रादुर्भाव हेमंतात होतो आणि शिशिरात तो प्रौढ होतो; कवीने 'बाल' हे विशेषण योजले आहे ते याच अभिप्रायाने.

प्रस्तुत लेखकास हे समाधान पूर्वी टीकाकाराच्या चातुर्याचे उदाहरण वाटत असे. दोन प्रमाणवचनांत विरोध आला की तडजोड काढावयाची, ही टीकाकारांची रीतच आहे. परंतु अंगणातील झाडाने मल्लिनाथाची बाजू घेतली. तिसऱ्या आणि चौथ्या हिवाळ्यात टिपण ठेवले होते. दोन्ही वर्षी पहिल्या कळ्या मार्गशीर्षाच्या पूर्वार्धात दिसल्या. पौषात तुरळक फुले उमलू लागली, पण झाडावर संख्येने कळ्याच अधिक. खरा बहर पौष वद्य पक्षापासून माघभर राहिला. फाल्गुनात तो उतरला. चांद्रमास अधिकमासामुळे मागेपुढे सरकतात, आणि एका झाडावरून नियम सिद्ध होत नाही, ही मर्यादा मान्य केली तरी क्रम स्पष्ट आहे. हेमंतात केसांत माळावयाच्या तर त्या कुंदाच्या कळ्याच असणार. पूर्ण उमललेली फुले पुरेशी मिळणारच नाहीत. कालिदासाचे 'बाल' हे विशेषण केवळ सौकुमार्य सुचविण्यासाठी आलेले नाही. त्यात महिन्याचा हिशोब आहे. आणि मल्लिनाथ हा तेलंगणातील, म्हणजे आपल्याच दख्खनच्या हवेतील. त्याने ही व्यवस्था कोशातून काढली नसून परसातून काढली असावी असे मानावयास आता हरकत वाटत नाही.

याच पद्धतीने आणखी दोन स्थळे उलगडतात. 'मालविकाग्निमित्रा'च्या तिसऱ्या अंकात मालविकेचे फिकटलेले, अल्प अलंकार ल्यालेले रूप पाहून राजाला वसंतातील कुंदलता आठवते, जिची पाने पिकली आहेत आणि जिच्यावर मोजकीच फुले उरली आहेत. वसंत म्हटला की बाकीच्या कवींना पालवी सुचते. येथे मात्र नेमक्या त्याच ऋतूत उतरणीला लागलेले झाड निवडले आहे. चैत्रात आमच्या भिंतीवरील कुंद अगदी असाच दिसतो : खालची पाने पिवळसर, आणि शेंड्याला चार-दोन चुकार फुले. मालविका ही विदर्भाची राजकन्या आहे, हा योगायोग वऱ्हाडातील वाचकाने मनात ठेवावा, त्यावर सिद्धांत उभारू नये. रामगिरी म्हणजे रामटेक हे वा. वि. मिराशी यांनी साधार प्रतिपादिले आहे. पण कवी विदर्भात राहिला म्हणून त्याने कुंद येथेच पाहिला असे म्हणता येणार नाही. हे झाड उत्तर भारतातही तितकेच परिचयाचे आहे.

दुसरे स्थळ 'शाकुंतला'च्या पाचव्या अंकातील. समोर उभ्या असलेल्या शकुंतलेचा स्वीकारही करवत नाही आणि त्यागही करवत नाही, अशा स्थितीतील दुष्यंत स्वतःची तुलना पहाटेच्या भ्रमराशी करतो. त्याच्यासमोर जो कुंद आहे त्याच्या पोटात तुषार, म्हणजे हिमकण वा दव, भरलेले आहे. ही उपमा वर्गात समजावून देताना नेहमी संकोच वाटे, कारण भुंग्याला दवाची अडचण ती काय? माघातील एका पहाटे झाडाजवळ उभे राहिल्यावर अडचण दिसली. ताऱ्यासारख्या पाकळ्यांच्या मधोमध, जेथे नळी सुरू होते तेथेच, दवाचा थेंब बसलेला असतो आणि मधाची वाट बंद करतो. ऊन चढेपर्यंत मधमाश्या येत नाहीत. एखादी आलीच तर फुलाच्या कडेवर बसून राहते. मोगऱ्याच्या दाट पाकळ्यांत, उन्हाळ्याच्या पहाटे, हे चित्र संभवत नाही. 'कुंद' या शब्दाचा 'मोगरा' असा अर्थ सांगितला की ही उपमा मरते.

येथवर वस्तूची साक्ष झाली. आता भाषेत या शब्दाचे पुढे काय झाले ते पाहू.

शिरपुरात राहणाऱ्या माणसाच्या कानावर 'कुंद' हा शब्द पडतो तो बागेपेक्षा देवळात अधिक. मानतुंगाचार्यांच्या 'भक्तामर' स्तोत्रात जिनेश्वरावर ढाळल्या जाणाऱ्या चामरांना कुंदाच्या शुभ्रतेची उपमा आहे. हे स्तोत्र दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही परंपरांत म्हटले जाते. श्वेतांबरांच्या 'कल्लाणकंदं' या प्राकृत स्तुतीत वाग्देवीचा वर्ण सांगताना कुंद, इंदू, गाईचे दूध आणि तुषार अशी चार उपमाने येतात. शाळाशाळांतून म्हटल्या जाणाऱ्या संस्कृत सरस्वतीवंदनेतही आरंभीच कुंद, इंदू आणि तुषार हे एका ओळीत उभे आहेत. या सर्व ठिकाणी कुंदाकडून अपेक्षा आहे ती पांढरेपणाची. सुगंधाचे नाव नाही. आणि हे त्या फुलाला धरूनच आहे, कारण त्याचा सुगंध सौम्य, शुभ्रता मात्र प्रखर. मराठीत 'कुंदकळ्यांसारखे दात' हा जो प्रयोग रूढ आहे तोही याच कुळातला. शब्द हळूहळू फुलाचे नाव न राहता एका रंगाचे माप बनला. माप म्हणून वापरावयाच्या वस्तूचा प्रत्यक्ष परिचय असण्याची कोणाला गरज नसते. हंस न पाहता आपण हंसगती म्हणतोच.

तरीही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दोन्ही स्तुतींत कुंदाच्या सोबत तुषार आहे, आणि 'शाकुंतला'तही आहे. शुभ्र वस्तू जगात पुष्कळ. त्यांतून ही जोडी पुन्हा पुन्हा एकत्र का यावी? ज्या काळात ही वाक्ये घडली त्या काळात कुंद आणि दव एकाच सकाळी दिसत असत, हे याचे साधे कारण असावे. ऋतूचे ज्ञान विस्मृतीत गेले, पण शब्दांच्या शेजारात त्याची खूण राहून गेली.

रंगाचे माप झालेला शब्द परक्या नावांवरही कसा कलम होतो याचे उदाहरण जैन परंपरेतच आहे. दिगंबरांच्या मंगलपाठात महावीर व गौतम गणधर यांच्यानंतर कुंदकुंदाचार्यांचे नाव येते. विद्याधर जोहरापूरकर यांच्या 'भट्टारक संप्रदाय' (१९५८) या ग्रंथात ज्या पीठांची लेखसामग्री आली आहे, त्यांत आपल्याच जिल्ह्यातील कारंजा येथील बलात्कारगणाचे पीठ आहे. त्या गणाच्या मूर्तिलेखांत कुंदकुंदाचार्यांचा अन्वय सांगण्याची प्रथा आहे. हे नाव मुळात कोंडकुंद या गावावरून पडलेले आहे. हे गाव म्हणजे आंध्र प्रदेशातील गुंतकलजवळचे कोनकोंडला होय. नाव द्राविडी, त्यात फुलाचा संबंध नाही. परंतु संस्कृत मुखात ते कुंदकुंद झाले, आणि श्रवणबेळगोळ येथील बाराव्या शतकातील एका प्रशस्तीत या आचार्यांच्या कीर्तीने कुंदाच्या प्रभेप्रमाणे दिशा भूषविल्या, असा यमकयुक्त गौरव आला. व्युत्पत्ती म्हणून हे चूक आहे. पण बाराव्या शतकातील दख्खनमध्ये 'कुंद' म्हटल्याबरोबर काय सुचत असे याचा पुरावा म्हणून ते मोलाचे आहे.

मराठीत आज 'कुंद' म्हटल्याबरोबर काय सुचते? बहुसंख्य भाषकांना 'कुंद हवा' सुचेल. हा कुंद फारसी आहे. फारसीत त्याचा अर्थ बोथट, मंद. मराठीने तो ढगाळ, कोंदट, प्रकाश मंदावलेल्या हवेस लावला. एकाच उच्चाराचे दोन शब्द : एक शुभ्रतेची पराकाष्ठा, दुसरा मळभ. मोल्सवर्थने आपल्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) शब्दांपुढे मूळ भाषेची खूण देण्याची जी पद्धत ठेवली तिचे महत्त्व अशा ठिकाणी कळते. बेळगावचा खाद्यपदार्थ कुंदा आणि बंदुकीच्या दस्त्याचा कुंदा यांना येथे रांगेत उभे करण्याची आवश्यकता नाही.

वऱ्हाडात मात्र याहून जवळचा प्रतिस्पर्धी आहे. संस्कृत अकारान्त पुल्लिंगी नामे स्वार्थे ककार घेऊन मराठीत आकारान्त झाली, हा सर्वसामान्य नियम. घोटकाचा घोडा, कंटकाचा काटा. त्याप्रमाणे लोकांच्या तोंडी कुंदाचे 'कुंदा' होणे स्वाभाविक होते, आणि हे रूप काही ठिकाणी ऐकूही येते. परंतु काळ्या जमिनीच्या प्रदेशात 'कुंदा' हे नाव आधीच एका गवताने व्यापले आहे. हरळी, लव्हाळा आणि कुंदा ही शेतकऱ्याची तीन जुनी दुखणी. कुंद्याच्या काश्या जमिनीत खोल जातात. उन्हाळ्यात खोल नांगरट करून त्या वेचून जाळल्या तरी एखादा तुकडा राहिला की पुन्हा झुबका फुटतो. आमच्या शेजारच्या वयोवृद्ध शेतकऱ्यास कलम लावताना मी नाव सांगितले तेव्हा ते चकित होऊन म्हणाले, "मास्तर, कुंदा कायले लावता? वावरातला काढता काढता जीव जाते."

या एका वाक्यात शब्दाच्या लोपाची मीमांसा आली आहे. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ जिलियेराँ यांनी फ्रान्सच्या बोलींचा नकाशासंग्रह तयार करताना (१९०२–१९१०) हीच घटना गास्कनीत टिपली. तेथील ध्वनिनियमांनी लॅटिनमधील कोंबडा आणि मांजर या दोहोंचे वाचक शब्द एकरूप, 'गात्', झाले. ज्या घरात मांजर कोंबडा खाण्याची भीती, तेथे दोघांना एक नाव परवडणार कसे? कोंबड्याचे जुने नाव सुटले आणि त्याच्या जागी चकोर जातीच्या 'फेझंट' पक्ष्याचे किंवा चर्चमधील उपपुरोहिताचे नाव थट्टेने आले. समध्वनी शब्द नेहमीच एकमेकांना मारतात असे नाही. 'कुंद हवा' आणि 'कुंदकळी' यांची गाठ कधी पडत नाही, म्हणून ते दोघेही नांदतात. संघर्ष होतो तो एकाच कामकाजाच्या क्षेत्रात. झाड लावणे आणि तण काढणे ही एकाच हाताची, एकाच मातीतली कामे आहेत. तेथे तणाचे नाव जिंकणार, कारण त्याचा उच्चार शेतकऱ्याला दर हंगामात करावा लागतो. फुलाचे नाव मग ग्रंथांत, देवळात आणि मुलींच्या नावांत राहिले. 'कुंदा' हे मुलीचे नाव ठेवणाऱ्या घराने तणाचा विचार केलेला नसतो, हे उघड आहे.

पंचांगातही ते राहिले आहे, पण कसे ते पाहावे. माघ शुद्ध चतुर्थीस, ज्या दिवशी महाराष्ट्रात गणेशजयंती करतात, 'तिलकुंद चतुर्थी' असे नाव आहे. व्रतग्रंथांत ती कुंदचतुर्थी. या दिवशी पूजेत कुंदाची फुले वाहावयाची. तीळ आणि कुंद, दोन्ही थंडीच्या दिवसांतली. विद्यार्थ्यांना 'तिळकुंद' म्हणजे काय असे विचारता अनेकांनी तो तिळाचा एक गोड पदार्थ असावा असे सांगितले. संक्रांत नुकतीच होऊन गेलेली असल्याने हे अनुमान अगदीच अनाठायी नाही. पूजेला मात्र बाजारातून आणलेली शेवंती असते.

जेथे असा प्रतिस्पर्धी नव्हता तेथे नाव आणि फूल दोन्ही टिकले. मणिपुरात 'कुंदो' हे फूल मैतेई विवाहात अपरिहार्य आहे. वधू वराच्या गळ्यात घालते ती माळ कुंदोची. शब्द संस्कृत कुळातील, भाषा तिबेटी-ब्रह्मी कुळातील, आणि फूल रोजच्या व्यवहारातले. बंगालीत बंकिमचंद्रांनी 'विषवृक्ष' (१८७३) मध्ये नायिकेचे नाव कुंदनंदिनी ठेवले ते वाचकांना फुलाची ओळख गृहीत धरून.

या विवेचनाचा व्यावहारिक उपयोग कोशरचनेत आहे. मराठी कोशात फुलाच्या 'कुंद' या शब्दाचा अर्थ देताना 'मोगऱ्याचा एक प्रकार' हे वर्णन गाळून पुढील चार गोष्टी द्याव्यात असे सुचवावेसे वाटते : मार्गशीर्षात कळ्या व माघात बहर, फांद्यांवरील लव, साधी, समोरासमोर पाने, आणि सौम्य सुगंध. ऋतूची नोंद ही त्यांतली सर्वांत आवश्यक, कारण काव्यातील बहुतेक संदर्भ तिच्यावरच उभे आहेत. तणाचा 'कुंदा' आणि फारसी 'कुंद' यांच्या नोंदी वेगळ्या तर हव्यातच. शिवाय वऱ्हाडी बोलीच्या शब्दसंग्रहात फुलाच्या अर्थी हा शब्द कोठे, कोणत्या वयाच्या भाषकांकडून मिळतो याची गावनिहाय पाहणी व्हावयास हवी. आमच्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एका हिवाळ्यात हे काम करता येण्यासारखे आहे. मात्र प्रश्न विचारताना सोबत फुलांची डहाळी न्यावी, नुसते नाव विचारू नये.

त्या शेजाऱ्यांनी चौथ्या माघात बहर पाहिल्यावर आपण होऊन एक दाबकलम मागून नेले. ते त्यांच्या विहिरीजवळ लागले असून त्यास पुढील वर्षी फुले यावीत. घरात त्याला ते काय म्हणतात याची चौकशी केली. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "थंडीतला मोगरा."